कोऱ्या काचपट्टीवरचा रंग

"कोरी पट्टी दाखव," एवढेच मी तिला म्हणालो. तिच्या सगळ्या कामाला तडा तिथेच गेला. ते वाक्य मी आजही म्हणेन. कोरा नमुना तपासलेला नसेल, तर त्या प्रयोगाला प्रयोग म्हणता येत नाही.

ती माझी शेवटची विद्यार्थिनी. निवृत्तीनंतरही विद्यापीठाच्या यादीत मार्गदर्शक म्हणून माझे नाव राहिले होते, म्हणून महाविद्यालयाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची एक किल्ली माझ्याकडे दिली होती. ती त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच वेतन, सुट्टीत काही नाही. कायम जागेसाठी पीएच.डी. हवी होती. नोंदणीची मुदत वाढवून झाली होती आणि पुन्हा वाढणार नव्हती. त्या वर्षात प्रबंध गेला नाही, तर काम आणि नोकरी दोन्ही संपणार होते. हे तिला ठाऊक होते, मलाही.

तिचे काम थोडक्यात असे. चांदीचे अत्यंत बारीक कण काचपट्टीवर बसवायचे. कण पुरेसे बारीक असले, की प्रकाश पडताच त्यांतले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावू लागतात आणि दोन कणांमधल्या फटीत तो प्रकाश कित्येक पटींनी तीव्र होतो. त्या फटीत एखादा रेणू अडकला, तर तो लेसरचा प्रकाश आपल्या ठरावीक रीतीने विखुरतो आणि यंत्राच्या पडद्यावर त्याची शिखरे उमटतात. कोणती शिखरे उमटली त्यावरून रेणू ओळखता येतो. चांदी नसती, तर ती शिखरे इतकी दुबळी असती की दिसलीच नसती.

तिने शोधायला घेतला होता तो ऱ्होडामाइन हा भडक गुलाबी रंग. तो आहे धाग्याचा आणि कागदाचा; पण स्वस्त म्हणून मिठाईत आणि जत्रेतल्या साखरेच्या कापसातही घालतात, आणि कापड रंगवणाऱ्या डाइंग कारखान्यांचे पाणी नाल्यावाटे गावालगतच्या कशेळीच्या खाडीला मिळते. पाण्याच्या एका थेंबातून तो हुडकता आला, तर उपयोग उघड होता. लेसरचे यंत्र मुंबईच्या एका संस्थेने काही महिन्यांसाठी दिले होते. शेजारच्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, धडधडीने जमीन हादरे आणि शिखरे डगमगत, म्हणून मोजणी शुक्रवारी. त्या दिवशी लूम बंद असतात.

तिचे आकडे फार चांगले आले. इतके चांगले की मला ते आवडले नाहीत.

"कोरी पट्टी केली होती, सर. यंत्र इथे येण्याआधी, मुंबईला."

"मुंबईची मुंबईत. इथली दाखव."

तिने नवी पट्टी घेतली, तीवर शुद्ध पाण्याचा थेंब ठेवला, लेसर लावला. पडद्यावर ऱ्होडामाइनची शिखरे उभी राहिली. पाण्यात रंग नव्हता. पट्टी त्याच सकाळी बनवलेली होती. मी म्हणालो, "रंग कुठून येतो ते आता शोध."

पाणी बदलले. बाटल्या बदलल्या. चिमटा आम्लात उकळला. शिखरे हलली नाहीत. मग मी तिचे हातमोजे मागितले. ते धुतलेले होते.

"हे वापरून टाकायचे असतात," मी म्हणालो.

"डबा वर्षातून एकदा मिळतो, सर. घरी धुऊन वाळत घालते."

"कुठे?"

"दोरीवर."

"दोरीवर आणखी काय असते?"

"गोंडे," ती म्हणाली.

तिची आई घरी ओढण्यांचे गोंडे बांधते. त्यांची सगळी गल्लीच ते काम करते. शेठ रंगवलेले नकली रेशीम आणून टाकतो. बायका गोंडा बांधतात, धागे सरळ व्हावेत म्हणून पाण्यात बुडवतात आणि दोरीला टांगतात. रंग कच्चा असतो, पाण्याबरोबर सुटतो. मी माझ्या पैशांनी हातमोज्यांचा नवा डबा आणवला. शिखरे खाली आली. गेली नाहीत. तिच्या बाह्यांवर रंग होता, नखांच्या कडेला होता, केसांत असावा. डोळ्यांना दिसत नव्हता. चांदीला दिसत होता.

ती बौद्ध कुटुंबातली आहे. ही गोष्ट येथे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढे येणारे एक वाक्य कळणार नाही.

संशोधन समितीपुढे तिने काहीही लपवले नाही. कोऱ्या पट्टीचा आलेख तिने सर्वांत आधी दाखवला. समितीत बाहेरून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. विद्वान माणूस, बोलणे मिठ्ठास. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिले. चांदीच्या क्षाराने बोटांवर काळे डाग पडतात. ते या कामात सगळ्यांच्याच हातांवर असतात.

"म्हणजे मॅडम," ते म्हणाले, "तुमचा हात लागला की पाणीसुद्धा बाटतं म्हणायचं."

दोघे हसले. तिसऱ्याने चहाचा कप उचलला.

"हो सर," ती म्हणाली. "मोजणीत तसंच येतंय."

"राग नका मानू हं. विनोद केला."

"मानला नाही, सर. पुढचा आलेख दाखवू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, दूषण कुठून येते ते सिद्ध करावे लागेल आणि सर्व मोजणी नव्याने करावी लागेल. समितीने तसाच ठराव केला. मोजणी दुसऱ्या व्यक्तीने करावी. त्या वेळी संशोधक विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत येऊ नये. शास्त्र म्हणून ठरावात चूक काढता येत नव्हती. मी सही केली.

दुसरी व्यक्ती मीच होतो. दुसरे कोण फुकट येणार? पट्ट्याही मीच बनवल्या, तिच्या कृतीने. शुक्रवारी मी आत, ती उंबऱ्याबाहेर. दार उघडे ठेवले होते, कारण कृती तिची होती आणि ती सांगितल्याशिवाय मला येत नव्हती. माझा हात आता कापतो.

"सर, थेंब मधोमध. कडेला सुकला तर वर्तुळ पडतं."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगतेय. चष्मा लावा आधी, लेसरचा."

व्हरांड्यातून विद्यार्थी जात-येत होते. ती त्यांची शिक्षिका. तिला दाराबाहेर उभी पाहून ते चाल मंद करत. शिपायाने तर थांबून विचारले.

"मॅडम, आत नाय जात?"

"मला आत मनाई आहे."

"काय सांडलंनीत काय?"

"नाही. मीच सांडतेय."

शिपाई हसला. तीही हसली. मी पडद्याकडे पाहत होतो. कोरी पट्टी कोरी आली. मग तिच्या यादीतले, मीच भरलेले नमुने एकामागून एक लावले. जिथे रंग होता तिथे शिखरे, नव्हता तिथे काही नाही. तिची पद्धत खरी होती. मी तसे दाराकडे न पाहता सांगितले. तिने "बरं" म्हटले आणि पुढच्या नमुन्याचा क्रमांक सांगितला. माझी दुपार खुर्चीत गेली. तिची उभ्याने गेली. तिला स्टूल द्यावे असे कुणाला सुचले नाही.

एवढ्यावर प्रबंध सुटायला हवा होता. समितीचे पत्र आले. रंग विद्यार्थिनीच्या घरातून आला, हे अनुमान झाले, पुरावा द्या. मागणी रास्त होती. पुरावा म्हणजे गोंडे बांधणाऱ्या बाईच्या हातावरून ओला बोळा फिरवून तो थेंब पट्टीवर लावणे. नमुना घेताना साक्षीदार हवा, म्हणून मी तिच्याबरोबर गल्लीत गेलो.

दारादारांत बायका गोंडे बांधत बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत गुलाबी. तिने एकीला विचारले, दुसरीला विचारले. हात कुणी पुढे केला नाही.

"आमचा हात मशीनला दावशील, आन उद्या शेठ म्हनंल, सूत नको नेऊस. मंग?" एक म्हणाली.

"नाव येणार नाही, मावशी."

"नाव नसलं तरी हात आमचाच ना? तुज्या आयशीचा घे. पगार तिलाच खायचाय."

बाकीच्या हसल्या. त्यात द्वेष नव्हता. पोटाचा प्रश्न होता.

तिच्या आईने मला खुर्ची दिली. डोक्यावर ओल्या गोंड्यांची दोरी होती. "चहा टाकू, सर? घेत असाल तर." मी घेतो म्हणालो. चहा झाल्यावर बाई पुढ्यात बसल्या आणि त्यांनी उजवा हात पालथा केला, मग उताणा.

"दुखनार हाय का?"

"नाही गं. नुसता कापूस फिरवायचा."

"मंग फिरव की. डिग्री मिळतीय ना त्याच्यानं?"

"मिळेल."

बोळा फिरला. मग तिने मोबाइल काढून त्या हाताचे छायाचित्र घेतले. रेषांमध्ये रंग मुरलेला, नखे गुलाबी, अंगठ्याला धाग्याने पडलेली चीर. बाईंनी विचारले, फोटो कशाला? ती म्हणाली, कागदात लावायला. त्याहून अधिक तिने सांगितले नाही.

बोळ्यातून तीच शिखरे आली आणि प्रबंध मुदतीत गेला. मौखिक परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावे. तिची आई आली. सोबत गल्लीतल्या त्याच बायका, ठेवणीतल्या साड्या नेसून. मागच्या रांगेत बसल्या. परीक्षक तेच ज्येष्ठ प्राध्यापक होते. तिने काम नीट मांडले. प्रश्नांना उत्तरे दिली. शेवटी त्यांनी दूषणाचा प्रश्न विचारला. तो विचारणारच होते.

पडद्यावर हात आला. खोलीच्या भिंतीएवढा. शेजारी आलेख.

"हा स्रोत?"

"हो सर."

"नमुना कुणाचा?"

प्रबंधात नाव नव्हते. ती गप्प राहू शकली असती. मागे बसलेल्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसले आणि हलक्या आवाजात काही म्हटले. आईने हात पदराखाली घेतले.

"माझ्या आईचा," ती म्हणाली.

"आणि या हातावर रंग किती?"

तिने आकडा सांगितला. परीक्षकांनी तो मोठ्याने पुन्हा उच्चारला आणि भुवया वर नेल्या. "इतका? मग तुमच्या घरी जेवायला नको बुवा यायला." पुढच्या रांगेत हशा पिकला. मागच्या रांगेतल्या बायकांना विनोद कळला की नाही, सांगता येत नाही. त्याही हसल्या.

पदवीची शिफारस झाली. टाळ्या झाल्या. विद्यार्थी तिच्याभोवती जमले. पडदा कुणी बंद केला नव्हता; हात तसाच होता. तिची आई वाट काढत माझ्यापाशी आली.

"सर, आता तिची नोकरी पक्की?"

"मुलाखत व्हायची आहे."

"तिथंबी ह्ये दाखवनार?"

"विचारले तर दाखवावे लागेल."

त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले. पदराखालचे हात बाहेर काढले नाहीत.

"आधी सांगितलं असतं, तर हात घासून दिला असता मी," बाई म्हणाल्या.

मी त्यांना खरे तेच सांगितले. घासलेला हात उपयोगाचा नव्हता.