मशीनवरची फ्रेम

उमेशचा फोन आला तेव्हा ऑफिसची कॅब मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकली होती. "अक्का, अण्णा गेले गं... पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि गेले." खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं, शेवटचं पाणीही यानंच पाजलं!

त्याला दीड महिना झाला. माझे वडील, अण्णा, निपाणीहून येऊन बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये शिंपीकाम करायचे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. पण ते सर्टिफिकेट अण्णांनी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपलं. दुकानात, शिलाई मशीनच्या वर, गिऱ्हाइकाला दिसेल अशी फ्रेम होती ती आश्रमातून आणलेल्या उमेशच्या दत्तकाची, कोर्टाच्या हुकमाची. नवं गिऱ्हाईक आलं की अण्णा गळ्यात टेप टाकून सांगायचे, "जज्जांनी विचारलं, सांभाळाल का? म्हटलं, पोटच्या पोरासारखा!" मी कोपऱ्यात काजं करत ऐकायची. माझ्यासाठी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी आपली जन्मले, झालं.

दत्तकाच्या दिवशी कोर्टात मी नऊ वर्षांची. जज्जांनी हसून मलाही कानडीत विचारलं, "तम्मा बेका?" भाऊ हवा का? मी ठणकावून म्हटलं, "बेडा." नको! सगळे हसले. अण्णांनी तेवढा माझा हात घट्ट धरला... घरी त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात आम्ही दुकान आवरलं. फ्रेम पुसता पुसता उमेश म्हणाला, "अक्का, ही तू ने. अण्णा सांगायचे, कोर्टात सगळ्यांच्या आधी 'बेकु', हवा, असं तू म्हणालीस. शाळेत पोरं 'दत्तक, दत्तक' चिडवायची ना, तेव्हा मी हेच ऐकवायचो. म्हणायचो, माझ्या अक्कानं मला मागून घेतलंय."

अण्णांनी माझं 'नको' उसवून त्याच्या मापाचं 'हवा' शिवून दिलं होतं. तेही त्यालाच!

घरी आणून तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. अण्णांचा होकार त्यात टाइप केलेला आहे, खाली त्यांची वळणदार सही. माझं उत्तर कुठेच नाही. म्हणजे गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण फुकटचं श्रेय मला पचत नाही. तोंडानं सांगवेना, म्हणून हे लिहिलं. उमेश, मी 'बेडा' म्हटलं होतं रे. रागव हवं तर, आठ दिवस बोलू नकोस... फ्रेम मात्र परत मागू नकोस.