टिकारामची पाय धुवायची मशीन

अर्जुनी मोरगावात मनोहरलाल शेठजींचा छापखाना कुठे आहे ते कोणीही सांगेल. आणि न विचारताही सांगेल की तिथला टिकाराम कापगते जरा सरकलेला आहे. दारातल्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतः पाटी लिहून चिकटवली आहे : 'पेन ड्राइव्हचे पाय धुतल्याशिवाय आत आणू नये.' मी शाळामास्तर, म्हणून पाटी वाचून जरा मोठ्यानेच हसलो होतो. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये सतरा व्हायरस निघाले. तेव्हापासून हसत नाही.

टिकाराम १९९९ साली इथे आला तो छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला. उलटी अक्षरं इतक्या वेगाने वाचायचा, की सुलटं वर्तमानपत्र हातात आलं की अडखळायचा. चार वर्षांनी खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले. पंधरा दिवस तो माउस बैलाचा कासरा धरावा तसा धरायचा. मग हात बसला. शेठजींनी कॉम्प्युटरच्या खोलीची चावी त्याला दिली. ती तो करदोड्याला बांधून हिंडायचा. आंघोळीलाही सोडायचा नाही.

त्या चावीवरच २०१० साली गंडांतर आलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नाटकाला पोस्टर लागतं, पोस्टरला नटांचे फोटो लागतात, आणि ते ज्या पेन ड्राइव्हमधून येतात तो आधी तालुक्यातले सगळे कॉम्प्युटर फिरून आलेला असतो. त्या वर्षी केशोरी गावचं पोस्टर छापायला घेतलं आणि व्हायरसने फोटोंचं फोल्डरच गायब केलं. हिरॉइन गेली, खलनायक गेला, विनोदी नट तर दोघेही गेले. शेवटी नुसत्या अक्षरांवर भागवलं.

"हा नाटकाचा पोस्टर होय का ग्रामसभेची नोटीस होय गा?" केशोरीकरांनी विचारलं.

शेठजींनी ते ऐकलं. "टिकाराम, अगली मंडई में फिर ऐसा हुआ, तो चाबी टेबल पे रख देना. गोंदिया से नया ऑपरेटर बुला लूंगा."

"आन् मी?"

"तू कागज काटना."

पुढच्या वर्षी सप्टेंबरात नागपूरहून हिमांशू नावाचा विक्रेता आला. त्याच्याकडे रंगीत तक्ता होता : छापखाने, कारखाने, दुकानं यांच्यासाठीच्या अँटिव्हायरसची तुलना. त्याच्या मालासमोर सगळ्या हिरव्या खुणा, बाकीच्यांसमोर लाल फुल्या. शेठजी खूश झाले. टिकारामने तक्ता डोळ्यांजवळ नेला.

"हा तक्ता कोनं बनवला?"

"आमच्याच कंपनीने, काका."

"मंग बरोबर आहे. नवरीच्या मायलेच विचारला, पोरगी कशी आहे म्हनून."

त्याने शेठजींकडे महिनाभराचा वेळ मागितला. सगळ्या कंपन्या तीस दिवस फुकट वापरू देतात, हे त्याने शोधून काढलं होतं. दुकानदाराच्या शब्दावर बियाणं घेणारा माणूस त्याच्या घराण्यात झाला नव्हता. शेजारशेजारच्या तीन बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरांत, तीन वाण लावायचे, खत सारखं द्यायचं आणि लोंबी बघायची. तसं त्याने तीन कॉम्प्युटरवर तीन अँटिव्हायरस लावले. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून धानाची ठेवली : लुचई, एचएमटी, आणि हिमांशूच्या महागड्या मालाला चिन्नोर.

आता रोग हवा. टिकाराम बाजारात भेटेल त्याला विचारू लागला, "तुमच्या पेन ड्राइव्हले रोग आहे का गा?" दोघांनी शिव्या दिल्या, एकाने तीन दिवस बोलणं सोडलं, पण सात रोगी पेन ड्राइव्ह जमले.

आठ दिवसांत तिन्ही कॉम्प्युटरवर रोगच रोग दिसू लागले. कोणी काय पकडलं आणि काय सोडलं, वहीत सगळा काला झाला. घरी जेवताना त्याने वही उघडली, तशी बायको रुख्मिणी म्हणाली, "जेवताना कायले वाचून राहिले तुमी?"

त्याने सगळं सांगितलं. तिने भात वाढला आणि विचारलं, "त्या तीन मशीनी एकमेकीले जोडून आहेत का?"

"आहेत ना. वायर आहे."

"मंग? वरच्या बांधीतला पानी खालच्या बांधीत उतरते. रोग पहिले कोनत्या बांधीत आला, ते कसा समजन?"

टिकारामने वही मिटली. तलाव-पाटांचं पाणी खेळवणाऱ्या कोहळी समाजात जन्मून ही गोष्ट त्याला बायकोने सांगावी! "तुले आधीच सांगता नाही आला?"

"तुमी आधी विचारला का?"

वायर काढून नव्याने पेरणी झाली. लुचईने निम्मे रोग सोडले. एचएमटीने बहुतेक पकडले आणि कॉम्प्युटरला धाप लागू दिली नाही. चिन्नोरने एकही सोडला नाही. मात्र मशीन अशी चालायची, जशी लग्नाच्या पंगतीतून उठलेली. आणि तिसऱ्या दिवशी चिन्नोरने पोस्टर बनवायचं सॉफ्टवेअरच पकडून बाद केलं. ते कोणाच्या तरी सीडीवरून उतरवलेलं होतं. खरी प्रत छापखान्यात कोणी पाहिलीच नव्हती.

"अरे, ये तो घर का आदमी है!" शेठजी ओरडले.

"घरचाच आहे शेठजी. पन चोर आहे."

दिवाळी बारा दिवसांवर आलेली. एचएमटी लावावं तर दहातला एक रोग आत शिरणार. चिन्नोर लावावं तर पोस्टरच बनणार नाही. टिकाराम घरी ओट्यावर चावी चाचपत बसला. तेवढ्यात त्याचा साळा केशोराव आला. रुख्मिणीने सख्ख्या भावालाही दारातच थांबवलं आणि पाय धुवायला पाण्याचा गडवा दिला. टिकाराम पाहुण्याच्या पायांकडे इतका टक लावून बघू लागला, की केशोराव ओशाळला. "काय झाला भाटोजी? चिखल राहिला का?"

"नाही गा. तू दारातच धुतले, म्हनून घर साफ आहे."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात पडून असलेला चौथा, सगळ्यात म्हातारा कॉम्प्युटर दारात आला. त्याला वायर नाही, त्यात पोस्टरचं सॉफ्टवेअर नाही; फक्त चिन्नोर. बाहेरच्या पेन ड्राइव्हने आधी तिथे थांबायचं, मग आत जायचं. आतल्या तिन्ही मशीनींवर एचएमटी.

सौदा पक्का करायला हिमांशू आला. शेठजींना काही दाखवायचं म्हणून त्याने पेन ड्राइव्ह काढला आणि थेट आत निघाला.

"भाऊ, पहिले पाय धुवा," टिकाराम म्हणाला.

म्हातारा कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला. नऊ व्हायरस निघाले.

"हे... हे ऑफिसच्या मशीनमधून आले असतील," हिमांशू म्हणाला.

शेठजी पोट धरून हसले. "माल अच्छा है बेटा. पहले अपने घर में लगा." तरी चिन्नोर त्यांनी त्याच्याकडूनच घेतलं, पण एकाच मशीनपुरतं. पोस्टरच्या सॉफ्टवेअरची खरी प्रत मात्र पुढच्या वर्षी आली. तोवर घरचा चोर घरातच राहिला.

त्या मंडईला केशोरीच्या पोस्टरवर सगळे जण हजर होते. हिरॉइन होती, दोन्ही विनोदी नट होते, खलनायकाच्या मिशीचा केस न् केस होता. गठ्ठे टेम्पोत चढले, तसा टिकारामने करदोड्याची चावी सोडली आणि टेबलावर ठेवली. गेल्या वर्षी चावीचं बोलणं झालं होतं. निकाल शेठजींनीच सांगायचा.

शेठजींनी पट्टीने चावी परत त्याच्याकडे सरकवली. "कमर में बांध. और देख, दरवाजे पे मास्टर खडा है. उसका धो दे."