सिस्टरनं शिकवलेला वार

सिस्टर सहा दिवस लोकांच्या जखमा शिवायच्या आणि रविवारी दुपारी माणसं मारायच्या. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. खेळात मात्र त्यांनी कधी वैद्य घेतला नाही. कुणी म्हटलंच, "सिस्टर, तुम्ही औषधवाल्या व्हा ना," तर म्हणायच्या, "सहा दिवस टाकेच घालतो न बाप्पा. एक दिवस फाडू द्या."

हा खेळ त्यांनी नागपूरला शिकत असताना उचलला होता. प्रत्येकाचा एक लढवय्या, तोही कागदावर: ताकद किती, अक्कल किती, जीव किती, हत्यार कोणतं. एक जण किल्ले-राक्षसांची गोष्ट सांगत जातो आणि वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. लागला, तर हत्याराचा फासा आणि ताकद मिळून जेवढे होतील तेवढा समोरच्याचा जीव घटतो. गोष्ट सांगायला दवाखान्यातले लॅबवाले काका. त्यांच्या व्हरांड्यात सिस्टर, मी आणि छोटे मालक असे बसायचो. छोटे मालक म्हणजे तुमसरच्या ज्या राईस मिलमध्ये मी पोती उचलायचो, तिच्या मालकाचा मुलगा. मालक अजून म्हणतो ते सवयीनं. मान म्हणून नाही.

मला तिथं बसवलं सिस्टरनंच. पोत्याचा हूक हातात घुसला म्हणून टाके घालून घ्यायला गेलो होतो. सुई दिसायच्या आधीच मी थरथरायला लागलो. माझं सगळंच तसं. अजूनही खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो. त्या म्हणाल्या, "रविवारी येजो. भ्यायचंच असन तं राक्षसाले भे."

तिसऱ्याच रविवारी छोट्या मालकांनी माझा लढवय्या गुहेत आमिष म्हणून पुढे केला. "नववीवाल्याले समोर ठेवा. मेला तं मेला." मेला. आमच्याकडे नियम होता, मेलेल्याचा कागद ज्याचा त्यानं फाडायचा. छोटे मालक म्हणाले, "फाडायच्या आधी वाचून दाखव बे, मोठ्यानं." नववीतून शाळा सुटलेली, वाचायची सवय गेलेली. मी प्रत्येक ओळीत अडखळलो. ते टेबलावर थाप मारून हसले.

सगळे गेल्यावर मी सिस्टरना म्हटलं, "मले त्याले मारायचं हाय." मला वाटलं, आता समजूत घालतील. त्यांनी कोरा कागद काढला.

"कुऱ्हाड घेतो," मी म्हटलं, "बाराचा फासा हाय तिचा."

"आन् एक पडला तं? तिथंच रडशीन. तलवार घे, सहा-सहाचे दोन फासे. दोनाच्या खाली जातच नाही. तुह्या जिवाले तेवढाच आराम." सगळे गुण त्यांनी ताकदीत घातले. देखणेपणाचा रकाना रिकामा ठेवला. "थे कायले पाह्यजे? लग्न जमवून राहिला का?"

मग खरी गोष्ट सांगितली. छोट्या मालकांचा सरदार पायापासून डोक्यापर्यंत लोखंडात. समोरून वार लागतच नव्हता. "आधी पाड, मंग मार. पडलेल्या माणसावर वीसचा फासा दोनदा टाकाले भेटते. ज्यादा येईन थो घ्यायचा." धान कापून होईपर्यंत त्यांनी मला बेरजा पाठ करायला लावल्या. फासा थांबायच्या आत आकडा तोंडात हवा. पोती उचलतानाही मी पुटपुटत असे.

कापणीनंतर लॅबवाल्या काकांनी गोष्टीत आखाडा लावला. ज्याला वाटेल त्यानं वाटेल त्याला आव्हान द्यायचं. मी छोट्या मालकांचं नाव घेतलं. तिसऱ्या पाळीला मी त्यांचा सरदार आडवा पाडला. त्याचा अकरा जीव उरला होता.

ते हसत माझ्याकडे वळले. "काय बे, उद्या मिलमध्ये यायचं हाय न तुले?"

घरात मिळवणारा मी एकटाच. लॅबवाले काका कागदात बघायला लागले. सिस्टरनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "छोटे मालक, पडलेल्या माणसानं बोलायचं नसते. राजा, पाळी तुही हाय."

वीसचा फासा दोनदा टाकला. सतरा आला; लागलं. मग दोन फासे. "पाच न चार नऊ. ताकदीचे चार. तेरा," मी न अडखळता म्हणालो.

"मेला," काका म्हणाले.

छोटे मालक कागद घडी करून खिशात घालायला लागले. "फाडा," सिस्टर म्हणाल्या. "आन् आधी वाचा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सुख म्हणतात ते मला त्याहून वेगळं काही माहीत नाही.

सोमवारी मिलच्या चौकीदारानं मला फाटकातच अडवलं. सिस्टर संध्याकाळी घरी आल्या आणि आईसमोरच त्यांनी दूर दक्षिणेत होसूरच्या कारखान्यातल्या आपल्या भावाला फोन लावला. आठव्या दिवशी मी तुमसर रोड स्टेशनवरून गाडीत बसलो. इथं माझी भाषा कुणाला येत नाही, पण पगार घरी जातो.

मागच्या महिन्यात लॅबवाल्या काकांनी कळवलं, सिस्टरची बदली पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लाखांदूरकडे झाली. कुणी करवली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लगेच सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, माह्यामुळं तुम्हाले..."

"मले काय झालं? इथं चार जण भेटले, खेळ शिकवून राहिलो." मागे कुणाचं तरी लेकरू रडत होतं. "तुले पस्तावा होते का रे?"

मी खरंच विचार केला. "नाही, सिस्टर."

"मलेही नाही," त्या म्हणाल्या. "ठेव आता, पेशंट हाय."