भिंतीशी बोलणारे भासरे

सकाळी पुतण्याचा गोंदियाहून फोन आला, "काकू, बाबा गेले," आणि माझा हात आपोआप डोक्यावर पदर शोधायला गेला. पदर कुठून सापडणार? अंगात गाऊन होता. सुनेनं आणलेला, वर बदकं छापलेला. मी तशीच उभी राहिले, एका हातात फोन आणि दुसरा हात टाळूवर... सून धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली. चक्कर कसली, भासऱ्यांचं नाव निघालं होतं. नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव निघालं की डोकं झाकायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की ते गेल्याची बातमी डोक्यात शिरायच्या आधी हात वर गेला. रडू नंतर आलं.

वामनरावांना जाऊन आता महिना होत आला. नव्वदी ओलांडली होती, कुणाला त्रास न देता गेले, सगळं रीतसर झालं. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले आणि लक्षात आलं की ज्या माणसाविषयी मला एवढं सांगायचं आहे, तो माणूस उभ्या आयुष्यात माझ्याशी समोरासमोर जेमतेम एकदाच बोलला. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर यायचं नाही, बसायचं नाही, बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिला थेट काही म्हणायचं नाही अशी रीत होती. मग घर चालायचं कसं? ते भिंतीशी बोलायचे. "भिंतीबाई, आज वरणात मीठ राहिलंय वाटतं." मी आतून बांगड्या वाजवायची. एकदा वाजवल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि जोरात वाजवल्या म्हणजे स्वतः करून घ्या! भिंत नसली तर खांब, खांब नसला तर मांजर. आमच्या मांजरीला जेवढा मान होता तेवढा घरातल्या कुठल्याच सुनेला नव्हता.

गोंदियाला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर महाल, तळं आणि बगळ्यासारखा दिसणारा एक मोर. खुंटीला एक काळा कोट. खेड्यातून आलेला माणूस धोतरावर तो कोट चढवून, छाती फुगवून उभा राहायचा, आणि वामनराव तिपाईवरच्या डबा कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात डोकं घालून म्हणायचे, "आता हलायचं नाही जी." मी नवी नवरी, वय सतरा, भंडाऱ्याहून सातवी शिकून आलेली, आणि माझी पक्की समजूत की माझा चेहरा सिनेमाच्या पोस्टरवर असायला हवा होता, चुकून स्वयंपाकघरात आला. लग्न होऊन सहा महिने झाले तरी घरच्या फोटोवाल्यानं माझा एक फोटो काढू नये? पण मागणार कशी? बांगड्या वाजवून फोटो मागता येत नाही.

त्या वर्षी आश्विन सरता सरता वादळ आलं. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस लांब, पण बंगालच्या बाजूनं उठलेलं ते तुफान वाट चुकल्यासारखं आमच्यावर येऊन आदळलं. हातातोंडाशी आलेला धान आडवा झाला, झाडं मुळासकट उपटली, रूळ पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर बोदलकशाच्या तलावाकडच्या एका टोल्याचे, म्हणजे छोट्या वस्तीचे, पाटील दाजीबा चिखलानं भरलेल्या पायांनी आमच्या स्टुडिओत येऊन बसले. टोल्यात मातीचं एक घर धड उरलं नव्हतं. माणसं आंब्याखाली झोपत होती आणि थंडी तोंडावर आली होती. जंगल खात्याचे साहेब घरं उभारायला बांबू-बल्ल्या द्यायला तयार होते, पण रस्ता तुटल्यानं ते तिथवर जाणार नव्हते. "साहेब मनते, फोटू दाखवा, मंग देतो," दाजीबा म्हणाले. "थे दौऱ्यावर निघाच्या आधी पाहिजे जी. नाहीतं लेकरं हिवानं मरतीन."

वामनराव लगेच प्लेटा भरायला लागले. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटांवर निघायचे, आणि वादळानंतर नव्या प्लेटा कुठून येणार? होत्या त्या मोजक्या. सासूबाईंनी फर्मावलं, "परक्या मानसासमोर टोल्यातल्या बायका येनार नाहीत. धाकलीला संग ने." झालं! मला वाटलं, माझं नशीब उघडलं. आणि मी काय करावं? मी लग्नातली बनारसी नेसले. पावडर लावली. वेणीत शेवंती माळली. उद्ध्वस्त गाव बघायला निघालेली ती बया आठवली की आजही तिचा कान पिरगाळावासा वाटतो. बैलगाडीत भासरे पुढं तोंड करून, मी मागं तोंड करून, मधे काळं कापड गुंडाळलेला कॅमेरा... बघणाऱ्याला वाटावं की नवरी कॅमेऱ्याचीच आहे.

टोल्यात पोचलो आणि वामनराव गाडीतून उतरता उतरता थांबले. मी मान वळवून पाहिलं. टोला लख्ख होता! फोटोवाले येणार म्हटल्यावर बायकांनी पहाटेपासून सगळं झाडून काढलं होतं. पडलेल्या भिंतींची माती उचलून लांब ढीग घातलेले, छपरांचे धड कवेलू ओळीनं रचलेले, मोडके वासे बांधून ठेवलेले. घरांच्या उघड्या जमिनी शेणानं सारवून त्यांच्यापुढं रांगोळ्या काढलेल्या. माणसं धुतलेल्या कपड्यात, केसांना तेल लावून उभी. पडझड म्हणून दाखवायला काही शिल्लकच नव्हतं. दाजीबा अभिमानानं म्हणाले, "पाव्हने येऊन राहिले म्हनून समदं साफ केलं जी." आणि एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "कोट आनला का जी?"

आता सांगा, काय करायचं? माझं सातवी पास डोकं चटकन चाललं. मी एका बाईच्या कानात म्हटलं, "ते ढीग पुन्हा विस्कटा ना, पसरा सगळं, केस मोकळे सोडा, थोडं रडा." ते वामनरावांच्या कानावर गेलं. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाले, "एवढं गेलं तरी यांनी रांगोळी काढली. ती पुसा म्हणून सांगणारे आपण कोण रे बाबा?" मग म्हाताऱ्याकडं वळून म्हणाले, "कोट आणायला पाहिजे होता जी. माझं चुकलं." थट्टा नव्हती त्यात. खरोखरच चुकल्यासारखं म्हणाले.

ते बराच वेळ त्या सारवलेल्या चौकोनांमधून फिरले. मग टोल्याला गोळा करून एवढंच म्हणाले, "कोणी रडायचं नाही, कोणी ओळीत उभं राहायचं नाही. आपापल्या घरात जा आणि रोज जिथं असता तिथं बसा." माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मग सगळ्यात आधी एक म्हातारी निघाली. आपल्या घराच्या जागेपाशी आली, आणि आत जाताना वाकली. तिचं दार ठेंगणं होतं ना! दार वाहून गेलं होतं, चौकट नव्हती, भिंत नव्हती, वर नुसतं आभाळ होतं. तरी ती कमरेत वाकून, डोकं सांभाळून आत गेली, आणि आत गेल्यावरच सरळ झाली. वामनरावांनी तिला परत बाहेर बोलावलं, तिपाई रोवली, आणि म्हणाले, "आजी, आता पुन्हा घरात जा." ती पुन्हा तितकीच वाकली. तिला वाकायला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एकेक घर झालं. सारवलेल्या मोकळ्या जमिनीवर कोणी चुलीपाशी, कोणी नसलेल्या खांबाला टेकल्यासारखा, कोणी नसलेल्या खिडकीकडं तोंड करून. शेवटी सुकरामचं घर आलं. त्याची बायको भिंतीखाली सापडून गेली होती. तो आपल्या जागी बसला, मांडीवर पोरगी घेतली, आणि समोरची चूल तेवढी मोकळी राहिली. मी वामनरावांच्या बाजूनं पाहत होते. मला वाटलं, फोटो एका अंगाला कलतोय. आणि खरं सांगायचं तर हेही वाटलं की इतक्या फोटोंत आपण एकाही नाही! मी टुणकन गेले आणि बनारसी सावरून चुलीपाशी बसले. तोंड जरा तिरपं, पोस्टरवर असतं तसं.

काळ्या कापडातलं डोकं बाहेर आलं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. टोल्यात बोलायला भिंतच उरली नव्हती. खांब नाही, दार नाही, मांजर नाही, बैलही लांब चरायला सोडलेले. मग त्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "ऊठ, बाई. तिथं ती बसलेली आहे."

आवाज चढलेला नव्हता. मी उठले. सुकराम तोवर कॅमेऱ्याकडं टक लावून बसला होता, ते ऐकल्यावर त्यानं मान हळूच चुलीकडं वळवली. तो फोटो तसाच आला आहे.

साहेबांकडं काय झालं ते माझ्या नवऱ्यानं सांगितलं, तो सोबत गेला होता. साहेबांनी फोटो पत्त्यांसारखे पिसले आणि म्हणाले, "अच्छे साफ-सुथरे लोग हैं. इसमें नुकसान कहाँ है?" दाजीबांचं तोंड उतरलं. वामनरावांनी त्यातला म्हातारीचा फोटो काढून पुढं ठेवला. "साहब, ये बुढ़िया किस दरवाज़े से झुककर अंदर जा रही है?" साहेब फोटोकडं पाहत राहिले... मग त्यांनी बाकीचे फोटो परत घेतले आणि या वेळी एकेक करून पाहिले. थंडी पडायच्या आत बांबूच्या गाड्या टोल्याकडं गेल्या. नव्या घराला म्हातारीनं पुन्हा ठेंगणंच दार ठेवलं म्हणे.

आणि माझा फोटो? निघताना वामनराव बैलाला म्हणाले, "एक प्लेट उरली आहे रे. बनारसीवाल्यांना विचार." मी धावत जाऊन उभी राहिले. फोटो आला तेव्हा घामानं पावडरचे ओघळ झालेले, काठ चिखलात, शेवंती कानावर लोंबते आहे. पोस्टर कसलं, पिंपळावरची हडळ! मी तो ट्रंकेच्या तळाशी लपवला. आता वाटतं, माझा खरा फोटो तेवढाच.

त्यानंतर भासरे पुन्हा भिंतीकडं वळले, मी बांगड्यांकडं. स्टुडिओ बंद पडला, पडदा उंदरांनी खाल्ला, पण खिडकीजवळची त्यांची वेताची खुर्ची तिथंच राहिली. गेल्या दिवाळीला मी गोंदियाला गेले तेव्हा ते त्याच खुर्चीत होते. मी सवयीनं पदर ओढला, तर समोरच्या टेबलाला म्हणाले, "टेबला, या म्हातारीला सांग, डोक्यावर केस उरले नाहीत, पदर टिकेल कशावर?" मी बांगड्या जोरात वाजवल्या. ते हसले, खोकला येईपर्यंत.

तेराव्याला सगळं गणगोत त्याच खोलीत जमलं होतं. जेवणं झाल्यावर नातीनं मोबाइल काढला. "आजी, तुम्ही सगळ्यांत मोठ्या. या खुर्चीत बसा, म्हणजे बाकीचे मागं उभे राहतील." खिडकीजवळची खुर्ची तिनं पुढं ओढलीही. मी म्हटलं, "होती तिथं ठेव ती." आणि पदर डोक्यावरून घेऊन, तोंड जरा बाजूला वळवून, खुर्चीपासून हातभर लांब उभी राहिले. भासऱ्यांसमोर बसायचं नसतं.

नातीनं फोटो दाखवला तेव्हा ती हिरमुसली होती. "खुर्ची रिकामीच आली हो, आजी." मी चष्मा लावून नीट पाहिलं. म्हटलं, फोटो चांगला आला आहे, राहू दे. पदरही या वेळी टिकला होता.