कोथिंबीर आणणारा पैलवान

गजेंद्रराव शिर्क्यांची मुलगी यशश्री नोकरीच्या पहिल्याच दिवशी पंचावन्न मिनिटं उशिरा पोचली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. मी बडोद्याच्या रावपुऱ्यात नोटरी आहे. दुसऱ्यांच्या कबुल्यांवर शिक्के मारण्यात हयात गेली, स्वतःची द्यायची वेळ क्वचित येते, म्हणून ही आधीच लिहून टाकतो.

यशश्रीला हालोलच्या एका कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअरची जागा मिळाली होती. सकाळी सातची पाळी. त्या पाळीला बडोद्याहून कंपनीची बस नाही आणि पहाटेच्या एसटीचा भरवसा नाही. मी आपणहून म्हणालो, "पहिल्या दिवशी मी सोडतो. माझी गाडी कशाला आहे?"

माझी गाडी म्हणजे छोटी एसयूव्ही. डिझेल, तीन वर्षांची, दिसायला अशी रुबाबदार की समाच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन मला सलाम करायचा राहील, पण तिला करेल. प्रतापनगरहून यशश्रीला घेतलं. तिच्या आईने, म्हणजे पद्मावहिनींनी, आमच्या दोघांच्याही हातावर दही ठेवलं. वाटेतलं जरोद ओलांडलं आणि गाडीने अंग टाकलं. बंद पडली असती तर निदान काही तरी झालं असं वाटलं असतं. ही चालत होती, पण चाळीसच्या वर जाईना. मी पाय दाबून धरला होता आणि शेजारून ट्रक, टँकर, शेवटी गवताने भरलेला एक तीनचाकी छकडोसुद्धा पुढे गेला. छकडोवाल्याने वळून पाहिलं. त्या नजरेत कीव होती.

यशश्री घड्याळ बघत होती. शेवटी मागून आलेल्या एसटीला हात करून ती चढली. जाताना म्हणाली, "काका, तुम्ही या सावकाश." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

कारखान्याने तिला आत घेतलं, पण स्वच्छ सांगितलं की पहिल्या महिन्यात आणखी एकदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी यायचे कष्ट घेऊ नका.

आता गजेंद्ररावांबद्दल. हा माणूस प्रतापनगरच्या रेल्वे शेडमध्ये चौतीस वर्षं डिझेल फिटर होता. नॅरोगेजची छोटी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरातला पंखा जरा वेगळा वाजला की मान तिरपी करून ऐकतात. गाडी घेण्याआधी मी त्यांना विचारायला गेलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "वकीलसाहेब, रोज किती चालवणार?" मी म्हटलं, समा ते रावपुरा, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. "मग पेट्रोल घ्या," म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. मला ते उत्तर फार लहान वाटलं. इतक्या मोठ्या खरेदीला निदान अर्ध्या तासाचा सल्ला हवा. तो मला शोरूममध्ये मिळाला. तिथे मायलेज सांगितलं, ताकद सांगितली, सीटचं कापड हाताला लावून दाखवलं. रोज किती चालवणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. पंचवीस रुपयांच्या चपलेला दुकानदार विचारतो की घरात घालायची की बाहेर. इथे शर्टाला गुलाबाचं फूल लावून माझा फोटो काढला आणि किल्ली दिली.

तर त्या दिवशी दुपारी गाडी कशीबशी प्रतापनगरला आणली. गजेंद्रराव बाहेरच उभे होते. नमस्कार नाही, केम छो नाही. सरळ आत बसून त्यांनी डॅशबोर्डकडे पाहिलं.

"हा गणपती इथे का ठेवलाय?"

"शुभ असतं."

त्यांनी गणपती उचलला. त्याच्या मागे केशरी दिवा जळत होता. एक डबा आणि त्यात ठिपके, असं त्यावरचं चित्र.

"हा दिवा कधीपासून?"

"तीन आठवडे. डोळ्यांवर यायचा, म्हणून मग…"

"म्हणून देवाला आडोशाला बसवलं."

त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची काडी काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल खुणेच्या चांगलं बोटभर वर होतं. मला जरा धीर आला. मी म्हटलं, "बघा, ऑइल अजिबात खात नाही. उलट वाढलंय."

गजेंद्ररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोर्टात खोटी सही करणाऱ्याकडे पाहतो. काडी माझ्या नाकाखाली धरली. "वास घ्या."

डिझेलचा वास येत होता.

मग त्यांनी मला जे ऐकवलं ते मी शिव्या वगळून देतो. शिव्या गुजरातीत होत्या आणि फार सुरेख होत्या. हल्लीच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते. काजळी साठली की इंजिन जास्तीचं डिझेल टाकून जाळी तापवतं आणि ती काजळी जाळून टाकतं. पण त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. माझी गाडी रोज तापायला लागायची, तोवर रावपुरा यायचा आणि मी ती बंद करायचो. काजळी तिथेच राहायची, डिझेल खाली ऑइलमध्ये उतरायचं. ती बिचारी तीन आठवडे दिवा लावून सांगत होती की मला जरा पळवून आणा.

"डिझेल म्हणजे पैलवान आहे, वकीलसाहेब," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता आणि ते जास्त वाईट होतं. "ओझं द्या, लांब पाठवा, तक्रार करणार नाही. तुम्ही तीन वर्षं त्याला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवलंत. तीही एसी लावून. आता त्याचा श्वास कोंडला, आणि तो कधी कोंडला? माझी पोर आत बसलेली असताना."

"सगळे घेतात हो डिझेल. आमच्याच सोसायटीत तीन आहेत."

"तीन पैलवान. सगळे कोथिंबिरीला."

दुसऱ्या दिवसापासून गजेंद्रराव यशश्रीला स्कूटरवर हालोलला सोडू लागले. चौसष्टाव्या वर्षी, पहाटे सव्वापाचला, चाळीस किलोमीटर जायचं आणि एकट्याने तेवढंच परत यायचं. दुपारी ती एसटीने यायची. पद्मावहिनी निरुपमाला, माझ्या बायकोला, फोनवर सांगायच्या की ह्यांची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. निरुपमा मला काही म्हणायची नाही. फक्त माझ्यासमोर फोन स्पीकरवर टाकायची.

गाडी घ्यायची हे शिर्क्यांकडे ठरलंच होतं. कोणती, यावर अडलं होतं. यशश्रीला पेट्रोल टर्बो हवी होती. हार्दिक नावाचा तिचा कॉलेजमधला मित्र एका शोरूममध्ये लागला होता, त्याने तिला पटवलं होतं की डिझेल हे आता म्हाताऱ्यांचं इंधन आहे. आमच्या फजितीनंतर तर तिचं म्हणणं आणखी पक्कं झालं. "बाबा, डिझेलने काय केलं ते बघितलंत ना?"

"डिझेलने नाही केलं," गजेंद्रराव म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांच्याच घरी त्यांचेच पोहे खात होतो.

मधल्या दिवसांत त्यांनी माझी गाडी भास्कररावांच्या गॅरेजमध्ये नेली. भास्करराव त्यांचे शेडमधले जुने सोबती, आता त्यांच्याकडे गाडीला जोडायचं मशीन आहे. गाडी उभी ठेवून मशीनच्या हुकमाने चाळीस मिनिटं जाळी तापवली. धुराड्याजवळ हात नेता येत नव्हता. ऑइल बदललं. गजेंद्रराव सगळा वेळ इंजिनाजवळ उभे होते, दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तसे.

मग रविवारी त्यांनी हार्दिकला टेस्ट ड्राइव्हसाठी बोलावलं. तो चकचकीत लाल पेट्रोल गाडी घेऊन आला. "केम छो अंकल," म्हणाला. गजेंद्ररावांनी मागची डिकी उघडली आणि पाण्याचे वीस लिटरचे तीन जार आत ठेवले.

"अंकल, हे शुं?"

"शेडमध्ये इंजिन तपासताना त्याच्यावर बोजा टाकायचो. रिकाम्या गाडीत सगळीच इंजिनं हुशार असतात."

"पण टेस्ट ड्राइव्ह सर्कलपर्यंतच असते ने."

"मुलगी सर्कलला नोकरीला नाही. हालोलला आहे."

हार्दिकने शोरूमला फोन करून परवानगी घेतली. यशश्री चालवायला, शेजारी हार्दिक, मागे आम्ही दोघे, एसी चालू, साठ किलो पाणी. हालोल रस्त्यावर वीस किलोमीटर जायचं, परत यायचं, मग तीच माणसं, तेच जार आणि माझी डिझेल.

खरं सांगतो, पेट्रोल गाडी गावात सुंदर चालली. इंजिन सुरू आहे की नाही हे विचारावं लागत होतं. सिग्नल सुटला की लगेच निघायची. हार्दिक मागे वळून हसला. गजेंद्ररावही म्हणाले, "चांगलं इंजिन आहे. गोड आहे. दारोदार थांबणाऱ्या पोस्टमनसारखं आहे, कितीही वेळा थांबवा, चिडणार नाही." मग माझ्याकडे बघून, "ही तुम्ही घ्यायला हवी होती."

हायवेला लागल्यावर पुढे एक टँकर आला. यशश्रीने पाय दाबला. गाडीने जरा विचार केला. तिने एक गिअर खाली घेतला, मग आणखी एक. इंजिन ओरडलं, टँकर मागे पडला, आणि मायलेज दाखवणारा आकडा घसरला. परतलो तेव्हा तो तेरावर होता.

मग माझी गाडी. सुरू होताना खडखडली. हार्दिक म्हणाला, "अंकल, ट्रॅक्टर." कुणी हसलं नाही. गावात ती प्रत्येक सिग्नलला क्षणभर अडायची, मग निघायची. पण हायवेवर तसाच एक टँकर आला तेव्हा यशश्रीने गिअरला हातच लावला नाही. नुसता पाय दाबला आणि पाठ सीटला टेकली. साठ किलो पाणी, एसी, चार माणसं, सगळं जणू खाली उतरून गेलं होतं. इतक्या वर्षांत मला माझ्या गाडीचा हा स्वभाव माहीत नव्हता. परत आलो तेव्हा आकडा वीसवर होता.

यशश्रीने गाडी बंद केली आणि लगेच उतरली नाही. "रोज ऐंशी किलोमीटर," ती स्वतःशीच म्हणाली. मग, "बाबा, दिवा लागला तर मी गणपती ठेवणार नाही."

"माहीत आहे," गजेंद्रराव म्हणाले. गेल्या आठवड्यातलं हे त्यांचं पहिलं मऊ वाक्य.

बाकीचं निरुपमाने आणि पद्मावहिनींनी चहावर ठरवलं. माझी डिझेल यशश्रीकडे जाणार आणि हार्दिकच्या शोरूममधून तशीच लाल पेट्रोल माझ्याकडे येणार. आम्हा पुरुषांना शेवटी कळवण्यात आलं. हार्दिक खूष होता. पण बिचाऱ्याला गजेंद्ररावांनी जाताना धरलंच. "यापुढे गिऱ्हाईक आलं की पहिलं काय विचारायचं?"

"रोज किती चालवणार, अंकल."

"पाठ कर."

गुरुवारी पहाटे मी किल्ली द्यायला प्रतापनगरला गेलो. स्कूटर भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर फडकं टाकलेलं होतं. यशश्रीने डबा घेऊन आत बसून इंजिन सुरू केलं, सव्वापाच वाजले होते. मी गणपती काढून खिशात घातला. बॉनेटवर हात ठेवला. तीन वर्षं माझी होती ती, समोरच्या काचेवर माझ्याच हाताने काढलेल्या स्वस्तिकाची खूण अजून दिसत होती. मला भरून आलं.

"गजेंद्रराव," मी म्हटलं, "मला हिची फार आठवण येईल हो."

त्यांनी इंजिनाचा आवाज मान तिरपी करून ऐकला, बॉनेटवरचा माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "हिला तुमची येणार नाही."