चार बोटं कमी गाडगं

आमच्या घरात रोज सकाळी भाकरीला बसायच्या आधी धान्याची एक मूठ बाजूला काढतात. घरात जे धान्य चालू असेल त्याची. ती मूठ मातीच्या गाडग्यात जाते आणि कापणीच्या सणाला ते गाडगं देवळात न्यायचं. आम्ही ख्रिस्ती शेतकरी. सणाच्या रविवारी पाळकसाहेब त्या धान्यावर प्रार्थना करतात, मग ते ज्याच्या घरात कमी आहे त्याच्याकडं जातं. घरातल्या प्रत्येक बाईचं गाडगं वेगळं. माझ्या कारभारणीचं काळं, काठाचा टवका उडालेलं. सुनेचं त्याच्याच शेजारी.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तीही पुरी केली नाही. पण विहीर स्वतःच्या हातानं खोदली आणि कुणापुढं मान खाली घातली नाही. त्या गाडग्यावर मी जन्मभर हसलो. लग्न नवीन होतं तेव्हा मोठा दुष्काळ पडला. आम्ही दोघं खडी फोडायच्या कामावर. रेशनला मिलो मिळायचा, तो तांबडा परदेशी जोंधळा. ही त्याचीही मूठ काढायची.

मी म्हणालो, "देवाला मिलो चालतो का गं?"

"आपल्याला चालतो, मग त्येला का न्हाई चालायचा?"

त्या मुठीएवढी भाकर ती स्वतःच्या ताटातून कमी करत होती, हे मला लई वर्षांनी कळलं. तेही आईनं मरताना सांगितलं म्हणून. ही कधी बोलली नाही.

औंदा पोळ्याच्या आधी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नगरच्या दवाखान्यात काही दिवस काढून घरी आणली. पाय ओढत का होईना, टेकत होता. हात मात्र मांडीवर पडून. जिभेला काही झालं नाही, हे देवाचे उपकार. घरी आल्या आल्या खाटेवरून पहिलं विचारलं, "गाडगं?"

सून म्हणाली, "आत्या, आजपासून मी टाकत जाईन ना रोज तुमच्या नावाची."

"तू तुझी टाक. माझी हे टाकतील."

हे म्हणजे मी. मी म्हणालो, "मी चुलीपुढं जानार न्हाई. बापाच्या जन्मात गेलो न्हाई."

"बरं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिनं भांडण केलं असतं तर मी जिंकलो असतो.

दोन आठवडे मी हट्ट धरला. सून पण तिच्यासारखीच. आत्यानं नको म्हटलं म्हणून हात लावीना. मग एक दिवस सून अंगणवाडीत गेलेली, ही डोळा लागून पडलेली, तेव्हा मी पोत्यातली बाजरी डब्यानं ओतून गाडगं काठोकाठ भरलं. वर शीग लावली. एका दमात काम फत्ते. ही जागी झाली तसं गाडगं तिच्या खाटेवर नेऊन ठेवलं आणि मिशीवर हात फिरवला.

तिनं डावा हात गाडग्यात घातला. वरचे दाणे मुठीत घेतले, डोळ्याजवळ नेले.

"आपन इतके दिवस निस्ती बाजरीच खाल्ली का वं?"

रोजच्या मुठीत कधी जोंधळा असतो, कधी रेशनचा गहू, कधी बाजरी. तिच्या गाडग्यात सगळं वर्ष मिसळलेलं असतं. माझी बाजरी वर एका रंगाची बसली होती.

"ह्यो पोत्याचा माल हाय," ती म्हणाली. "पोतं द्यायचं तर पोतं द्या की. गाडगं कशाला बाटवता?"

मी मुकाट्यानं बाजरी परत काढली. जिथं जोंधळा आणि गहू दिसायला लागला तिथं थांबलो. गाडगं निम्म्याच्या जरा वर उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. सून परात घेऊन बसलेली, मला बघून तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "मामा, च्या पाहिजे का?"

"मूठ पाहिजे," मी म्हणालो. डब्यातून मूठभर जोंधळा काढला आणि गाडग्यापाशी उभा राहिलो. खाटेवरून आवाज आला, "निस्ती टाकू नका. आधी कालचं एक सांगायचं."

"कालचं काय?"

"काल देवानं दिलेलं. एकच. रोज नवं."

इतकी वर्षं ती चुलीपुढं ओठ हलवायची ते हे. मला वाटायचं, धुरानं पुटपुटते.

मी म्हणालो, "विहिरीला पानी हाय."

"ते रोजचंच."

"मग रोजचं धरायचं न्हाई का?"

"आजच्या दिस धरते," ती म्हणाली आणि सून तोंडाला पदर लावून हसली.

खरी पंचाईत पुढं झाली. रोज नवं सांगायचं म्हणजे रोज बघावं लागतं. शहात्तर पावसाळे काढले, पण घरात काय चाललंय ते मी कधी नीट बघितलं नव्हतं. सून भाकरी थापताना डाव्या हातानं परात फिरवते, अगदी हिच्यासारखी; कधी शिकली, कुणी शिकवली? मी सकाळी ते सांगितलं. मुलगा तिसगावच्या बाजारातून आला की आधी आईच्या पायाशी बसतो, मग चपला काढायची त्याला आठवण होते. ते सांगितलं. नातीच्या वेणीला ही एका हातानं रिबीन धरते आणि नात दुसरं टोक दातात धरते. ते सांगायला गेलो ते अर्ध्यावरच राहिलं. मग मी खोकल्याचं सोंग केलं.

"काय झालं?" ही खाटेवरून.

"धूर."

"ग्यासला कुठला धूर?" ती म्हणाली.

गल्लीतला एक म्हातारा दारातून ओरडायचा, "काय पावनं, भाकरी थापायला शिकला का?" मी म्हणायचो, "शिकतोय, तू ये जेवायला." आधी असता तर त्याला काठी दाखवली असती.

कापणीचा सण आला. गाडगं भरलं नव्हतं. काठापासून चार बोटं कमी. दवाखान्यातले दिवस आणि माझ्या हट्टाचे दिवस तिथं मोकळे दिसत होते. आमच्या घरचं गाडगं देवळात कधी शिगेशिवाय गेलं नव्हतं. मी म्हणालो, "चार बोटांनी काय हुतंय? घालतो की रोजच्या डब्यातलंच. मिसळून घालतो."

"नगं. त्या चार बोटांत दवाखाना हाय आन तुमचा हट्ट हाय. ते बी देवाला दिसू द्या."

"लोकांना बी दिसंल की!"

"दिसू द्या. तुमी नेणार नसाल तर सून नेईल. मी बाकावर बसून बघीन."

रविवारी ती काठी टेकत, माझ्या आधारानं देवळात आली. गीत झालं, एकेक घर पुढं जाऊ लागलं. आमची पाळी आली. ती बाकावरच थांबली, माझ्याकडं बघत. सून स्वतःचं गाडगं घेऊन पुढं निघाली, मागं वळून माझ्या हातातल्या गाडग्यासाठी तिनं हात पुढं केला. मी दिलं नाही. ते काळं गाडगं दोन्ही हातांत धरून मधल्या वाटेनं मीच चालत गेलो, वर फडकं सुद्धा न टाकता.

पुढच्या बाकावरच्या आजीनं आत डोकावून विचारलं, "औंदा बाजरी कमी झाली का दादा?"

"बाजरी झ्याक झाली," मी म्हणालो. "मी कमी पडलो."

गाडगं पाळकसाहेबांपुढं ठेवताना मान खाली गेली. वाकल्याशिवाय ते जमिनीवर ठेवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. हिला ते पहिल्या वर्षापासून माहीत असणार.

सोमवारी सकाळी रिकामं गाडगं परत जागेवर होतं. मी डबा उघडला तर मागं काठीचा आवाज. ही आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लुळा उजवा हात तिनं डाव्यानं उचलून माझ्यापुढं केला. मी तिच्या तळव्यावर गहू ठेवला आणि तिची बोटं मिटून वरून माझी मूठ घट्ट धरली. अर्धा गहू खाली सांडला. उरलेला गाडग्यात पडला, तळाशी टपटप वाजला.

"कालचं सांगा की," ती म्हणाली.

"तू सांग. तुझं गाडगं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पूर्वीसारखे ओठ हलवले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलं नाही. सून म्हणाली, "मामा, आत्या, जरा सरका. मला पीठ घ्यायचंय." आम्ही दोघं सरकलो.