इंटरव्ह्यूला शिरा-भजी

तुम्हाला म्हणून सांगते, चेन्नईत असताना मी एका मुलीचा चक्क बघण्याचा कार्यक्रम घडवून आणला होता. आणि मलाच पत्ता नाही!

वसंती आमच्या कॉलेजातली नवी लेक्चरर, तंजावरी मराठी घरातली. समुद्राकाठच्या विहिरी खाऱ्या का होतात, यावर तिला संशोधन करायचं होतं. तरुण प्राध्यापकांसाठीच्या ग्रँटला मी तिला अर्ज करायला लावला. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. पण चार माणसं समोर दिसली की पोरीची दातखीळ बसायची! आणि इंटरव्ह्यू दिल्लीला, बड्या बड्यांसमोर.

म्हटलं, तिला आधी सांगून घाबरवायला नको, रविवारी वेस्ट मांबलमला माझ्या घरी सराव करू. तिच्या वडिलांना मीच फोन केला. "चार जण प्रश्न विचारतील. वसंतीला घेऊन तुम्हीही दोघं या."

"राहुकाळाच्या आधी ठेवाल, अम्मा?"

मला भरूनच आलं. लेकीच्या ग्रँटची केवढी काळजी!

कमिटीत मी, दोन सहकारी आणि आमच्याकडे राहणारा बँकेतला भाचा, इस्त्रीच्या शर्टात. खायला शिरा आणि भजी. साताऱ्याच्या बाईला दुसरं काय सुचणार?

दार उघडलं, तर वसंती रेशमी साडीत, गजरा माळून! मागे आई, अप्पा आणि ताटात फळं, विड्याची पानं. मला वाटलं, इकडची पद्धत असेल.

बशा आल्या. शिरा-भजी बघून अप्पा प्रसन्न झाले आणि भाच्याकडे वळले. "मुलास उद्योग कोठे?"

कमिटीतल्या माझ्या सहकारी मीनाक्षीने कपाळावर हात मारला. "अय्यो मॅडम! शिरा-भजी, म्हणजे आमची सोज्जी-बज्जी, आमच्यात मुलगी बघताना देतात!"

"मुलीने मुलाच्या घरी जायचे, हे आम्हास नवे," अप्पा म्हणाले. "म्हटले, तुमची पद्धत असेल."

भाच्याला ठसका लागला. वसंतीचे डोळे भरले. आणि मग ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, "अप्पा, आत्ता लग्न नको! मला विहिरी बघायच्या आहेत!"

अप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. मेले, आता हे हिला नोकरीही सोडायला लावतात की काय!

"कोणत्या विहिरी?" अप्पांनी हळूच विचारलं.

तिने सांगितलं.

"पाणी गोड होईल?"

"नाही. पण कोणती विहीर वाचेल, ते कळेल."

"आपली का खारी झाली?"

पोरगी सुटलीच! अप्पा विचारताहेत, ती सांगतेय, आणि आमची कमिटी आ वासून बसलेली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

ग्रँट मिळाली. मी ऐटीत विचारलं, "आमचा सराव कामी आला ना?"

"आला की, मॅडम! अप्पांचे सगळे प्रश्न दिल्लीत आले. तुमचा तेवढा नाही आला."

"माझा कोणता?"

"'भजी आणखी वाढू का?'"